नाव ठाऊक नसलेल्यांची हजेरी

मंडळी, जून महिन्यात शाळा उघडते तो दिवस डोळ्यांपुढे आणा. गुरुजी नव्या गावी बदलून आलेले. वर्गात चाळीस मुले. हजेरीपट अजून कोरा. गुरुजींनी विचारावे, "काय रे तुझं नाव?" आणि चाळीस तोंडे एकदम उघडावीत! कानी पडतो तो नुसता गोंगाट. तुम्ही म्हणाल, बोट दाखवून एकेकाला विचारावे. त्यात काय मोठेसे? पण समजा, गुरुजींचे डोळे बांधलेले आहेत. बोट दाखवता येत नाही. नाव घेऊन हाक मारावी, तर नावच ठाऊक नाही. अशा वर्गाची हजेरी घ्यायची कशी?

जुन्या धाटणीच्या संगणकापुढे अगदी हाच पेच होता. तो कसा सुटला, ती हकिकत आज तुम्हांला सांगायची आहे. आणि नुसती सांगायची नाही; शिक्षक बंधुभगिनींना ती वर्गात करूनही दाखवता येईल, इतकी ती सोपी आहे.

संगणकाची पेटी उघडून पाहिली, तर आत एक मोठी हिरवी पाटी दिसते. तिच्यावर मुख्य प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, बसवलेला असतो. जुन्या पेट्यांत या पाटीवर ओळीने लांबट खाचा असत. त्या खाचांत छोट्या पाट्या उभ्या खोचायच्या. त्यांना कार्ड म्हणतात. एक कार्ड आवाज काढणारे, एक दूरध्वनीच्या तारेवरून माहिती पाठवणारे, एक दुसऱ्या संगणकाशी जोडणारे. सगळ्या खाचा एकाच तारांच्या पट्ट्यावर जोडलेल्या असतात, आणि या सामाईक पट्ट्याला म्हणतात बस. ही आपली एस.टी. नव्हे, बरं का! पण शब्द मुळात एकच. ज्या लॅटिन शब्दापासून गाडीचे नाव आले, त्याचा अर्थ 'सर्वांसाठी' असा आहे, आणि तो अर्थ इथेही चोख लागू पडतो. या तारांवर एकाने काही म्हटले, की ते सर्वांना ऐकू जाते.

ही बस आयबीएम कंपनीच्या १९८१ सालच्या पीसी या संगणकात प्रथम आली. तेव्हा तिच्यावरून एका वेळी ८ बिट जात. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच खूण. १९८४ साली पीसी-एटी आला आणि रुंदी १६ बिट झाली. पुढे दुसऱ्या कारखानदारांनी तिला आयएसए असे नाव दिले, तेच रूढ झाले.

सामाईक विहिरीवर पाणी भरताना ज्याची घागर त्याचीच राहावी, म्हणून काही रीत लागते. तशी या बसवर प्रत्येक कार्डाला दोन गोष्टी स्वतःच्या लागतात. पहिली म्हणजे घरनंबर. प्रोसेसरने त्या नंबरावर काही लिहिले, की त्याच कार्डाने ते घ्यायचे. याला पोर्ट म्हणतात. दुसरी म्हणजे हाक मारायची तार. काम झाले, की कार्ड ती तार उचलते आणि प्रोसेसरला सांगते, "इकडे लक्ष द्या." या तारेला आयआरक्यू म्हणतात. मूळ पीसीत अशा ८ हाका होत्या, एटीमध्ये १६ झाल्या. पण १६ म्हणजे काही सगळ्या मोकळ्या नव्हेत. ० नंबर घड्याळाच्या ठोक्याला, १ कळफलकाला, २ नंबर दुसऱ्या आठांना पहिल्या आठांशी जोडण्यात खर्ची पडलेला, ६ फ्लॉपीला, १४ बहुधा डिस्कला. पाहुण्यांसाठी उरतात त्या मोजक्याच. काही कार्डांना आणखी डीएमए नावाची तिसरी सोय लागते, पण तिच्यात आज शिरत नाही.

मग कोणते कार्ड कोणत्या नंबरावर राहणार, हे ठरवायचे कोणी? माणसाने! कार्डावर बारीक पितळी काड्या असत. दोन काड्यांवर एक टिचभर टोपी घातली की एक नंबर, दुसऱ्या दोहोंवर घातली की दुसरा. या टोपीला जंपर म्हणतात. सोबतच्या पुस्तिकेत कोष्टक असे, आणि पुस्तिका हरवली की संपले.

मला एक प्रसंग आठवतो. एका संस्थेत संगणकाला नवे मोडेम बसवले. मोडेमने दूरध्वनी लावला रे लावला, की पडद्यावरचा बाण जागच्या जागी गोठे. सगळ्यांचे बोट माऊसकडे. नवा माऊस आणला, तरी तेच. आणखी एक आणला. पैसे गेले, महिना गेला. शेवटी एका मुलाने पेटी उघडली आणि कोष्टक लावून पाहिले. माऊस होता कॉम-१ या जागी आणि मोडेम कॉम-३ या जागी. घरनंबर दोघांचे वेगळे, पण हाकेची तार एकच, ४ नंबरची. आयएसए बसवर तार खालून वर गेली तेवढ्या क्षणालाच हाक समजतात. एकाने ती आधीच वर धरून ठेवली असेल, तर दुसऱ्याची हाक ऐकूच जात नाही. दोष माऊसमध्येही नव्हता आणि मोडेममध्येही नव्हता. दोघेही धडधाकट होते. फक्त त्यांची गाठ घालून देणारा कोणी नव्हता. त्या मुलाने जंपर हलवला आणि बाण चालू लागला. दोन माऊस मात्र कपाटात पडून राहिले.

ही डोकेदुखी थांबावी म्हणून इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९३ साली एक नियमावली काढली आणि १९९४ साली ती सुधारून घेतली. तिचे नाव 'प्लग अँड प्ले', म्हणजे खोचा आणि वापरा. कार्डावरच्या पितळी काड्या गेल्या. आता संगणकानेच प्रत्येक कार्डाला विचारायचे, "तू कोण? तुला काय काय हवे?" आणि घरनंबर व हाक वाटून द्यायची.

पण इथेच ती सुरुवातीची अडचण आली. कार्डाला विचारायचे तर त्याचा घरनंबर हवा, आणि घरनंबर तर अजून द्यायचाच आहे! शिवाय बसवर जुनी, जंपरवाली कार्डेही बसलेली. त्यांना या नव्या भाषेचा गंध नाही. चुकून त्यांच्या दारावर काही लिहिले, तर ती काय करून बसतील याचा नेम नाही.

यावर काढलेली तोड मला फार आवडते. असा एक घरनंबर शोधला, की तिथे लिहिल्याने कोणाचेच बिघडत नाही. तो नंबर २७९. हा सोळाच्या मोजणीतला आकडा आहे. त्या मोजणीत दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे वापरतात. २७९ हे दुसऱ्या छपाईयंत्राची स्थिती सांगणारे दार. तिथून फक्त वाचायचे असते. लिहिले, तर छपाईयंत्र तिकडे ढुंकूनही पाहत नाही. दुसरे दार निवडले ए७९. जुनी कार्डे घरनंबराचे शेवटचे १० बिटच पाहत, आणि ए७९ चे शेवटचे १० बिट घेतले, तर येतात पुन्हा २७९ च! म्हणजे जुन्यांना वाटावे, की हे त्या छपाईयंत्राच्या दारावरच चालले आहे, आपल्याला काय त्याचे. जुन्या बिऱ्हाडकरूंची झोप न मोडता नव्यांशी बोलायची ही युक्ती.

तरीही खबरदारी म्हणून नवी कार्डे झोपेचे सोंग घेऊन बसतात. २७९ च्या दारावर ठरलेल्या क्रमाने ३२ आकडे ठोठावले, तरच ती जागी होतात. पहिला आकडा ६ए, दुसरा बी५, तिसरा डीए, असे ३२. एक जरी चुकला, तरी कार्ड म्हणते, "हे आपल्यासाठी नाही," आणि पुन्हा पहिल्यापासून वाट पाहते.

आता सगळी जागी झाली. पुढची पायरी म्हणजे डोळे बांधून घ्यायची हजेरी. प्रत्येक कार्डाच्या अंगावर कारखान्यातच ६४ बिटांची ओळख कोरलेली असते. निम्मे बिट कारखानदाराच्या तीन अक्षरांचे आणि मालाच्या प्रकाराचे, उरलेले निम्मे त्या एका नगाच्या क्रमांकाचे. शिवाय शेवटी ८ बिटांचा ताळा. गणितात आपण करतो तसाच ताळा, बरं का! एकंदर ७२ बिट.

गुरुजी, हा भाग वर्गात करून पाहा. चार मुले उभी करा आणि प्रत्येकाच्या हाती चिठ्ठी द्या. पहिल्याची १०११, दुसऱ्याची ०११०, तिसऱ्याची १००१ आणि चौथ्याची ००११. तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभे राहा. नियम एवढाच: तुम्ही 'पहिला आकडा' म्हणालात, की ज्याच्या चिठ्ठीत १ आहे त्याने टाळी वाजवायची, ज्याच्या चिठ्ठीत ० आहे त्याने गप्प राहून कान द्यायचा. गप्प असलेल्याला टाळी ऐकू आली, तर त्याने खाली बसायचे.

पहिला आकडा! पहिला आणि तिसरा टाळी वाजवतात. दुसरा आणि चौथा बसतात. फळ्यावर लिहा १. दुसरा आकडा! उभ्या दोघांचाही ०. टाळी नाही, म्हणून कोणी बसत नाही. फळ्यावर ०. तिसरा आकडा! पहिला टाळी वाजवतो, तिसरा बसतो. फळ्यावर १. चौथा आकडा! पहिल्याची टाळी. फळ्यावर १. पाहा, वळून न बघता उभा राहिलेला मुलगा एकच, आणि त्याची ओळख १०११ फळ्यावर लिहूनही झाली. त्याला सांगा, "तुझा हजेरीक्रमांक १, आता तू या फेऱ्यांत बोलू नकोस." मग बसलेल्यांना उठवा आणि पुन्हा सुरुवात करा. दुसऱ्या फेरीत १००१ निघेल, तिसरीत ०११०, चौथीत ००११. पाचव्या फेरीत एकही टाळी पडणार नाही. हजेरी संपली.

संगणकात हेच घडते, फक्त टाळ्या दोन असतात. ज्याचा बिट १, ते कार्ड आधी ५५ हा आकडा तारांवर ठेवते आणि लगेच दुसऱ्या वाचनाला एए ठेवते. ५५ म्हणजे ०१०१०१०१ आणि एए म्हणजे १०१०१०१०, एकमेकांचे अगदी उलटे. एखादा आकडा तारांवर भलत्या कारणाने उमटू शकतो. पण हा आणि पाठोपाठ त्याचा उलटा, असे आपोआप घडणे कठीण. शिवाय मोठेपणाचा मान इथे कोणालाच नाही. ज्याला दुसऱ्याचा आवाज आला, त्याने थांबायचे. या एकाच शिस्तीवर सारा डोलारा उभा आहे.

मुले चलाख असतात. कोणी तरी विचारील, "गुरुजी, दोघांची चिठ्ठी सारखीच असली तर?" शाबास म्हणा त्याला. मग दोघेही शेवटपर्यंत उभे राहतील, आणि तुम्ही दोघांना एक समजून एकच क्रमांक द्याल. म्हणून तर नगाचा क्रमांक वेगळा हवा. तो कारखान्यात सगळ्या नगांवर एकच छापला, तर तशी दोन कार्डे एका पेटीत नांदणार नाहीत.

हजेरी झाली, की प्रत्येक कार्ड आपल्या गरजा वाचून दाखवते. "मला आयआरक्यू ५, ७ किंवा १० चालेल, घरनंबर २२० किंवा २४० चालेल." असे पर्याय. आता वाटणी करणारा हवा, आणि तो म्हणजे कर्नेल. लष्करातला कर्नल नव्हे. कर्नेल म्हणजे गाभा. संगणक चालवणाऱ्या आज्ञावलीचा हा सर्वांत आतला भाग. कोणाला काय दिले याची वही त्याच्याजवळ असते. उदाहरण म्हणून लिनक्स घेऊ. फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली. तिची आज्ञावली कोणालाही उघडून वाचता येते, त्यामुळे आतले व्यवहार आपल्याला दिसतात.

तिथे हाका वाटण्याचा क्रम लिहून ठेवलेला आहे. आधी ५ मोकळी आहे का बघायचे, मग १०, ११, १२, ९, नंतर १४, १५, मग ७, ३, ४, आणि अगदी शेवटी १३, ०, १, ६, ८, २. हा क्रम वरवर पाहता वेडावाकडा वाटेल. पण ७ वर बहुधा छपाईयंत्र, ३ आणि ४ वर माऊस-मोडेमची जुनी घरे, ० वर घड्याळाचा ठोका, १ वर कळफलक. ज्यांना हात लावला तर घर पेटेल, ते शेवटी ठेवले आहेत. ज्या कोणी तो लिहिला, त्याने पुष्कळ पेट्या उघडलेल्या असणार.

दुसरी एक गोष्ट तिथेच आढळते. कार्डांची उत्तरे वाचण्यासाठी एक तिसरे दार लागते, आणि ते २०३ ते ३एफएफ या पट्ट्यात कर्नेलने स्वतः शोधायचे असते. लिनक्स त्यातला २८० ते ३८० हा भाग टाळतो. कारण त्या भागात एनई२००० जातीची जाळ्याची कार्डे राहत असत, आणि तिथे चाचपडले, तर सबंध यंत्र गोठून जाई. नियमाने परवानगी दिली, तरी अनुभवाने वाट बदलली.

मग ड्रायव्हर कशाला? बस आली, ड्रायव्हर आला, आता तिकीट काढा, असे कोणी म्हणेल! ड्रायव्हर म्हणजे एका जातीच्या कार्डाशी त्याच्या भाषेत बोलणारी छोटी आज्ञावली. आवाजाच्या कार्डाची वेगळी, मोडेमची वेगळी. पूर्वी ड्रायव्हरला माणसाने सांगावे लागे, "तुझे कार्ड २२० वर आहे, हाक ५ आहे." चुकीचे सांगितले, की तो रिकाम्या घराची कडी वाजवत बसे. न सांगितले, तर काही ड्रायव्हर एकेक दार ठोठावत जात, आणि त्यात भलत्याच कार्डाची झोप मोडे.

लिनक्समध्ये ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. आरंभी कर्नेलच्या बाहेरची हत्यारे होती. एक हत्यार कार्डांची हजेरी घेऊन लांबलचक यादी लिही. त्या यादीतल्या हव्या त्या ओळी माणसाने खुल्या करायच्या, मग दुसरे हत्यार त्याप्रमाणे कार्डे लावून देई. जंपर गेले, पण कोष्टक काही सुटले नाही! २००१ च्या जानेवारीत आलेल्या २.४ या आवृत्तीत ही हजेरी कर्नेलच घेऊ लागला. २००३ च्या डिसेंबरातील २.६ या आवृत्तीत घडी नीट बसली. आता ड्रायव्हर स्वतःबरोबर एक यादी आणतो: "या या ओळखीची कार्डे मला चालवता येतात." उदाहरणार्थ, एका प्रचलित जातीच्या सिरियल पोर्टची ओळख पीएनपी०५०१ अशी आहे. कर्नेल आपला हजेरीपट आणि ड्रायव्हरची यादी ताडून पाहतो. जुळले, की वहीत बघून घरनंबर आणि हाक देतो, कार्डाला कामाला लावतो, आणि मगच ड्रायव्हरला म्हणतो, "हे तुझे कार्ड, हा त्याचा पत्ता." ड्रायव्हरने शोधाशोध करायची नाही आणि कार्डाने बळकावायचे नाही. ज्याला ड्रायव्हरच नाही, त्याच्यासाठी कर्नेल जागा अडवून ठेवत नाही.

एक मोठी उणीव मात्र राहिली. जुने जंपरवाले कार्ड हजेरीला उभेच राहत नाही. ते मुके आहे. कर्नेलच्या वहीत त्याचे नाव नाही, म्हणून त्याची जागा मोकळी समजून दुसऱ्याला दिली जाते, आणि पुन्हा तो माऊस-मोडेमचा तमाशा. त्याला उपाय माणसाकडेच आहे. संगणक सुरू होताना कर्नेलला सांगून ठेवता येते, की अमुक हाक आणि अमुक घरनंबर राखून ठेव, कोणाला देऊ नकोस. कित्येक पेट्यांत सुरुवातीच्या बायोस नावाच्या व्यवस्थेतही अशी राखण करता येई. त्याच ठिकाणी आणखी एक प्रश्न विचारलेला असे: चालवणारी आज्ञावली प्लग अँड प्ले जाणते का? 'होय' म्हटले, तर बायोस यंत्र सुरू होण्यापुरतीच कार्डे लावून बाकीची पुढच्यावर सोडी. आज्ञावली जुनी असताना तिथे 'होय' लिहिले, की धडधाकट कार्डे मुकी राहत. असे कार्ड कोणी मोडीत काढायला निघाले, तर त्याला आधी हा प्रश्न तपासायला सांगावे.

आता नव्या संगणकांत आयएसएच्या खाचा नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या पीसीआय बसमध्ये प्रत्येक खाचेला ओळख विचारायची स्वतंत्र तार आहे. गुरुजींच्या डोळ्यांवरची पट्टीच सुटली म्हणा ना. तरी कारखान्यांतली काही यंत्रे आणि प्रयोगशाळांतली उपकरणे जुन्या कार्डांवर चालतात. यंत्र लाखाचे आणि कार्ड टिचभर, पण कार्ड बोलेनासे झाले की यंत्र उभे. पीसी/१०४ या छोटेखानी पाट्यांवरही आयएसएच्याच तारा खेळवलेल्या आहेत. लिनक्सच्या मूळ आज्ञावलीत या हजेरीचा भाग राहिला, तो अशांच्या कामी आला.

आणि त्या ओळखींची पद्धत तर नव्या पेट्यांतही आहे. तुमच्या शाळेत लिनक्सवर चालणारा संगणक असेल, तर त्यात 'सिस' नावाचे फोल्डर उघडा, मग 'बस', मग 'पीएनपी', मग 'डिव्हायसेस'. तिथे एकेका अवयवाची चिठ्ठी ठेवलेली असते. पीएनपी०बी०० दिसले, तर ते यंत्रातले घड्याळ. पीएनपी०३०३ दिसले, तर तो कळफलक. मुलांना एकेक चिठ्ठी वाचू द्या, आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगा.